खानापूरकडचा मध: गोठला म्हणून टाकायचा का?

शहापुरी

नमस्कार मंडळी. बेळगाव-खानापूरकडचे इथं बरेच जण आहेत म्हणून विचारते.

मे महिन्यात जांबोटीकडच्या पाहुण्यांनी घरचा मध दिला. सरबताची साडेसातशे मिलीची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. पावसाळाभर फळीवर नीट होता. आता थंडी पडली तशी खालची अर्धी बाटली रवाळ घट्ट झालीय आणि वर पातळ मध राहिलाय. शेजारच्या काकूंनी बघितल्या बघितल्या निकाल दिला, "साखरेचा पाक गं हा, बघ की, साखर खाली बसली." सासूबाईंना पाहुण्यांबद्दल तसं म्हणवत नाही. त्या म्हणतात खराब झाला असेल, झाडाच्या बुडात ओत. मी अजून ओतलेला नाही.

त्यातच नणंद बाळंतपणाला आलीय, बाळ चार महिन्यांचं. बाळगुटी मधातूनच उगाळायची असं आज्जींचं म्हणणं, डॉक्टर नको म्हणाले. आणि मामंजींना शुगर आहे, त्यांना कुणीतरी सांगितलंय की जांभळीचा मध शुगरवाल्यांना चालतो. बाटली एक आणि मतं चार. कुणाला खात्रीचं माहीत असेल तर सांगा की.

जांबोटीकर

ताई, ओतू नका वो! मध चांगला हाय.

आमच्या घरी सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत, दर थंडीत हेच होतं. मधात पाणी जेमतेम सतरा-अठरा टक्के. बाकी बहुतेक दोन साखरा, फ्रुक्टोज साधारण 38 टक्के आणि ग्लुकोज 31 टक्के. एवढ्याशा पाण्यात एवढं ग्लुकोज फार दिवस विरघळून राहत नाही, त्याचे कण होऊन तळाला बसतात. फ्रुक्टोज वर पातळ राहतं. 14 अंशांच्या आसपास हे सगळ्यात झपाट्यानं होतं, आणि आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीची रात्र नेमकी तिथंच येऊन टेकते.

फुलावरही असतं. सूर्यफुलाचा, मोहरीचा मध काही आठवड्यांतच चमचा अडकेल एवढा घट्ट होतो. आमच्याकडचा मध मार्चपासून सुरू होतो, आधी जांभूळ, मग हिरडा आणि बाकीची झाडं. तो उशिरा गोठतो. दुकानातल्या बाटल्या वर्षभर पातळ का, तर तो तापवून बारीक गाळलेला असतो. रवा धरायला कणच शिल्लक नसतात.

पातेल्यात हाताला सोसेल एवढं गरम पाणी घ्या, बाटली त्यात उभी ठेवा, पाणी निवलं की बदला. अर्ध्या-पाऊण तासात सुटतो. गॅसवर ठेवू नका. आणि वरचा पातळ थर तेवढा वेगळा काढून ठेवू नका, त्यात पाण्याचा अंश जास्त असतो, तो आंबतो. सगळा हलवून एक करा.

रविवारपेठ

हे गोठण्याचं ठीक आहे, पण मग खरा-खोटा ओळखायचा कसा? आमच्याकडे पाण्यात थेंब टाकून बघतात. खरा असेल तर सरळ तळाला जातो, खोटा विरघळतो. काडी मधात बुडवून पेटवली तर पेटली पाहिजे. कागदावर थेंब टाकला तर कागद भिजता कामा नये. मुंग्या लागू नयेत.

नमुना_तपासणी

रविवारपेठवाले, या सगळ्या परीक्षांत तुमचा मध पातळ आहे की दाट एवढंच कळतं. दाट पाक घ्या, तोही तळाला जातो, त्यानंही कागद भिजत नाही. काडीचं तसंच, पाणी कमी असेल तर पेटते. मुंग्यांना तर खऱ्या मधाचं काही वावडं नाही, आमच्या बरणीला लागतात.

घरी करण्यासारखी एकच गोष्ट मी करतो, वजन. मध पाण्याच्या साधारण 1.4 पट जड असतो. साडेसातशे मिलीची बाटली गच्च भरली तर आतला मध एक किलोच्या थोडा वर गेला पाहिजे, 1,050 ग्रॅमच्या आसपास. नऊशेच भरला तर पाणी घातलंय समजा. पण किलोभर भरला म्हणून शुद्ध असंही नाही, कारण दाट पाकही तेवढाच भरतो. चोर पकडायला बरं, साव ठरवायला नाही. शिवाय बाटलीच्या हिशोबानं घेणाऱ्यांनी "लिटर" आणि "किलो" यांचा घोळ तरी होऊ देऊ नये. लिटरभर मध म्हणजे 1.4 किलो. भाव विचारताना हे आधी बोलून घ्या.

प्रयोगशाळेतही भेसळ सहज सापडते असं नाही. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं 13 ब्रँडचे नमुने तपासून घेतले होते. आपल्या देशातल्या नेहमीच्या चाचण्यांत बरेचसे पास झाले. पुढं एनएमआर नावाची, भेसळ रेणूंवरून ओळखणारी चाचणी जर्मनीत करून घेतली तेव्हा चित्र पालटलं. सगळ्या चाचण्यांतून पार पडलेले ब्रँड तीनच. नेहमीच्या चाचण्यांना चकवेल असाच पाक बनवून विकला जातो, हे त्यातून बाहेर आलं. तिथं आपल्या काडीपेटीचं काय चालणार?

गुऱ्हाळवाला

संकेश्वरकडून लिहितोय. बादलीतल्या पोळ्याचा विषय निघालाच पाहिजे म्हणून.

दारावर माणूस येतो, अल्युमिनियमची बादली, वर खरं पोळं, त्यावर चारदोन मेलेल्या माशा, कडेला हिरवा पाला खोचलेला. "आत्ताच झाडावरनं काढलाय मावशी." पोळं खरंच असतं, त्यात वाद नाही. बादलीत खाली काय आहे ते बघा. एकदा आमच्याच दारात बसलेल्या माणसानं पोळं पिळायला घेतलं. चार थेंब पोळ्यातले पडले आणि बाटली भरली ती तळातल्या पाकानं. आमचं घर गुळाचं, पाकाचा वास लपतोय होय आमच्यापासून?

आणि दुसरी गंमत. गुऱ्हाळ चालू झालं की मधमाश्या काहिलीभोवती, रसाच्या पिंपाभोवती नुसत्या घोंघावतात. आसपास फुलं नसली तर त्या उसाचाच रस नेतात. म्हणजे पोळं खरं, माशी खरी, काढणारा माणूसही प्रामाणिक, पण आत मुख्यतः उसाची साखर. त्यामुळं ऊसपट्ट्यात थंडीच्या दिवसांत काढलेला मध मी घेत नाही. निपाणी, चिकोडी, हुक्केरी सगळीकडं हेच. मध घ्यावा तर डोंगराकडचा आणि उन्हाळ्यातला.

जांबोटीकर

गुऱ्हाळवाले अण्णा, लाख बोललात. एवढंच घालतो, उन्हाळ्यातला म्हणजे पहिला पाऊस पडायच्या आतला. जूनमध्ये काढलेल्या मधात पाणी जास्त असतं. बाटलीला फेस येतो, टोपण उडतं, आंबूस वास येतो. कायद्यानं मधात 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही, पावसातला मध सहज त्याच्या वर जातो. माशा मधाची घरं मेणानं बंद करतात तेव्हाच तो पिकला म्हणायचा. उघड्या घरातला मध काढला की आंबणारच.

वडगाव_दवाखाना

मी परिचारिका आहे. शहापुरीताईंच्या बाळाचं आधी सांगते, बाकी चर्चा नंतर वाचेन.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. बोट बुडवून चाटवणंही नाही, गुटीतूनही नाही. मधात काही वेळा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या पोटात ते रुजत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि तिथं विष तयार करतात. आधी शी होत नाही, मग बाळ नीट ओढून पीत नाही, रडण्याचा आवाज बारीक होतो, मान आणि अंग सैल पडतं, श्वासावर जाऊ शकतं. मध शुद्ध असला, घरचा असला, उकळला असला तरी फरक पडत नाही. घरच्या उकळण्यानं बीजाणू मरत नाहीत.

आज्जीचा_नातू

ताई, राग मानू नका, पण आमच्याकडे जन्मल्या जन्मल्या मध-सोनं चाटवायची पद्धत. घरातल्या सगळ्या पोरांना चाटवलंय. कुणाला काही झालेलं नाही.

वडगाव_दवाखाना

राग कशाला? खरंच बहुतेकांना काही होत नाही. हा आजार विरळाच आहे. पण ज्याला होतो त्याला कृत्रिम श्वासावर ठेवायची वेळ येऊ शकते, आणि मध न दिल्यानं बाळाचं काहीही अडत नाही. सहा महिन्यांपर्यंत तसंही आईचं दूधच. आज्जींना रीत पाळायची असेल तर सोन्याचा वळ बाळाच्या कपाळाला लावू दे, तोंडात काही नको. आमच्या वॉर्डात मी असंच सांगते, बहुतेक आज्ज्या ऐकतात. सांगताना "तुमचं चुकलं" असा सूर नको, एवढं बघा.

वर्षाच्या वरच्या मुलांना मात्र खोकल्यासाठी मध खरंच चांगला. झोपताना अर्धा-एक चमचा. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यसंस्थेनं 2019 मध्ये साध्या खोकल्याला अँटिबायोटिक देण्याआधी मध घेऊन बघा असंच सांगितलंय. घशाला लेप बसतो, खोकल्याची उबळ कमी होते, पोर झोपतं. ताप, धाप किंवा तीन आठवड्यांच्या वर चाललेला खोकला असेल तर मात्र मधावर भागवू नका.

शहापुरी

ताई, फार उपकार झाले. नणंदेला आणि आज्जींना दोघींना वाचून दाखवलं. आज्जी म्हणाल्या "वर्षाचा झाला की घालीन", म्हणजे मिटलं. मामंजींचं कुणी सांगेल का?

नमुना_तपासणी

जांभळाच्या बीच्या चूर्णाची ख्याती शुगरवर आहे, म्हणून जांभळीच्या मधालाही ती चिकटली. फुलातला रस माशी नेते, बी नाही. जांभळीचा मध रंगानं गडद, चवीला किंचित कडसर, आणि त्यातही साखर इतर मधाएवढीच, 80 टक्क्यांच्या आसपास. मोठा चमचाभर मध म्हणजे 21 ग्रॅम, त्यात साधारण 17 ग्रॅम साखर आणि 64 कॅलरी. साखरेपेक्षा रक्तातली साखर जरा सावकाश चढते, पण चढतेच. मामंजींनी घ्यायचा तर चहाचा चमचाभर, तोही त्या दिवशीच्या गोडाच्या बदल्यात आणि डॉक्टरांना सांगून. औषध म्हणून तर नाहीच.

बारीक होण्यासाठी सकाळी गरम पाणी-लिंबू-मध घेणाऱ्यांनाही हेच लागू. पोटात पाणी जातं ते चांगलं, मधानं चरबी वितळत नाही.

पालापाचोळा

गरम पाण्यावरून आठवलं. मी आयुर्वेद शिकलेय. चरकसंहितेत मध गरम करणं आणि गरम पदार्थांबरोबर घेणं निषिद्ध आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. तूप आणि मध समान मात्रेत घेणंही विरुद्ध अन्नात धरलंय, म्हणून पंचामृतात दोन्ही असले तरी माप सारखं ठेवत नाहीत. चरकांनी मधाचे माक्षिक, भ्रामर, क्षौद्र आणि पैत्तिक असे चार प्रकार सांगितलेत, सुश्रुतांनी आठ. मध योगवाही मानलाय, म्हणजे ज्या औषधाबरोबर द्याल त्याचं काम पुढं नेतो. सितोपलादी चूर्ण मधातून देतात ते त्यासाठी.

आधुनिक बाजूनंही तापवण्याचं नुकसान मोजता येतं. मध तापला की त्यातली विकरं (एन्झाइम) मरतात आणि एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत त्याची मर्यादा किलोला 80 मिलिग्रॅम आहे. कोमट दुधात घातलेल्या चमचाभर मधानं विषबाधा होते असं मात्र मी म्हणणार नाही, समाजमाध्यमांवर त्याचा फार बाऊ करतात. निवल्यावर घाला, विषय संपला.

काकती_नाका

किरकोळ भाजल्यावर मध लावतात ते बरोबर की चूक? आमच्या भट्टीवर सगळे लावतात.

वडगाव_दवाखाना

आधी वीस मिनिटं नळाचं गार पाणी, बाकी सगळं त्यानंतर. मधात जंतू वाढत नाहीत हे खरं. एक तर तो पाणी ओढून घेतो, दुसरं आम्ल असतो, आणि जखमेतल्या ओलाव्यानं पातळ झाला की त्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. दवाखान्यात जखमेसाठी वापरतात तो मध वेगळा, किरणांनी निर्जंतुक केलेला. स्वयंपाकघरातल्या बरणीत उष्टे चमचे गेलेले असतात. फोड फुटला असेल, तळहातापेक्षा मोठं असेल, चेहऱ्यावर असेल तर घरचा मध नको, सरळ दवाखाना.

चंदगडी_पोरगा

सगळी खायचंच बोलूलालेत, काढणाऱ्याचं कुणीच न्हाई! आमच्याकडं आणि खानापूरच्या रानात आग्या मोहोळ उंच झाडाला, न्हाईतर कड्याला. एकच मोठं पोळं, उघड्यावर. अंधाऱ्या रात्री चढायचं, खाली ओल्या पाल्याचा धूर. माझा चुलता काढतो. पोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, फांदीला लागून जो फुगीर भाग असतो त्यात मध. खाली सगळी पिल्ली. जाणता माणूस तेवढा वरचा भाग कापून घेतो आणि पिल्लांचं तसंच ठेवतो. माशा फिरून बसत्यात.

आता काय करतात? मशाल लावून माशाच जाळतात, पोळं मुळापासून उतरवून सगळं एकत्र पिळतात. अळ्यांचा रस, परागकण सगळं त्यात. म्हणून तो मध गढूळ दिसतो, लवकर आंबतो. गिऱ्हाईक म्हणतंय "अस्सल रानातला!" जळक्या माशा दिसल्या की घेऊच नका. चार जणांनी परत पाठवला की आपोआप सुधारतील. आणि भीमगड अभयारण्यात काढायला बंदी हाय, तिथला म्हणून कुणी विकत असेल तर तेही कळून घ्या.

जांबोटीकर

चंदगडीभाऊ, शंभर टक्के. म्हणूनच मी पेट्यांकडं वळलो. पेटीतल्या चौकटी यंत्रात फिरवल्या की मध बाहेर येतो, पोळं तसंच राहतं, माशांना परत बांधायला नको. सातेरीच्या एका पेटीला वर्षाला पाच-सात किलो म्हणजे चांगलं. आग्याच्या मोठ्या पोळ्यातून एका रात्रीत त्याच्या दुप्पट निघतो, म्हणून लोकांना पेटीचा कंटाळा. पण आमची काजूची बाग आहे. पेट्या ठेवल्यापासून काजू बरा धरतोय. मधाचे पैसे वरखर्चाला, खरा फायदा मोहरावर.

जुना_पेटीवाला

पोरांनो, आमच्या वडिलांच्या पण पेट्या होत्या. 1991-92 च्या सुमारास कर्नाटकात थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू शिरला. अळ्या पोळ्याच्या घरातच मरायच्या, पाण्यानं भरलेल्या पिशवीसारख्या. राज्यातल्या सातेरीच्या दहातल्या नऊ वसाहती गेल्या म्हणतात. आमच्या पेट्यांच्या फळ्या शेवटी कोंबड्यांच्या खुराड्याला लागल्या. त्यानंतर उरलेल्या वाणातूनच सातेरी पुन्हा वाढली. आता नव्यानं सुरू करणाऱ्यांनी एकदम वीस पेट्या घेऊ नयेत, दोनवर शिकावं. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे, तिथं शिकवतात. आपल्या जवळ बघायचं तर भुदरगडातलं पाटगाव, मधाचं गाव म्हणून नावाजलंय. गारगोटीवरून जाता येतं.

शहापुरी

मंडळी, बाटली कोमट पाण्यात ठेवली, सगळा सुटला. वजनही करून बघितलं, 1,060 ग्रॅम भरला. काकूंना वाटीत घालून दिलाय, नाचणीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा म्हणाले. बाकी रोज कशाकशाला वापरता ते सांगा की, नुसता खोकल्याला किती संपणार?

टिळकवाडी_स्वयंपाकघर

घट्ट दही, त्यावर मध आणि डाळिंबाचे दाणे. भाकरीवर लोणी आणि मध, हे तर आमच्या पोरांचं शाळेआधीचं खाणं. सॅलडला लिंबू-मीठ-मिरपूड-मध. केकमध्ये साखरेऐवजी घालाल तर पाऊण माप घ्या आणि दूध-पाणी कमी करा, रंग लवकर येतो म्हणून आचही मंद. आपल्या बेळगावी कुंद्यात मात्र घालू नका, एका बाईंनी यूट्यूबवर दाखवलाय तो बघून माझा जीव गेला. कुंद्याला साखरच, आणि दूध आटवायचा धीर.

काकती_नाका

पाय फुटल्यावर मेणाचं मलम करतात ना? मेण कुठं मिळेल?

जांबोटीकर

ज्याच्याकडनं मध घेता त्यालाच मागा, मध काढल्यावर उरलेली पोळी असतात. पाण्यात उकळून फडक्यातनं गाळली की निवल्यावर मेणाची चकती वर येते. एक भाग मेण, चार भाग खोबरेल किंवा कोकमाचं तेल, पातेल्यातल्या पातेल्यात वितळवून डबीत ओता. रात्री पाय धुऊन, कोरडे करून लावायचं, वर मोजे.

टिळकवाडी_स्वयंपाकघर

आणि डबीवर ठळक लिहा काय आहे ते. आमच्या ह्यांनी तूप समजून चपातीला लावलं, अर्धी खाल्ली पण! म्हणे आज तुपाला वास कमी आहे.